नांदूर मध्यमेश्वरला पाणपक्षी मोजायला गेले, त्याची सगळी हकिगत

पाणपक्षी गणनेत भाग घ्यायचा तर दीडशे-दोनशे पक्षी तोंडपाठ पाहिजेत, भारी कॅमेरा पाहिजे आणि आजूबाजूची सगळी माणसं आपल्यापेक्षा कितीतरी हुशार असणार, असं मला वाटायचं. नांदूर मध्यमेश्वर माझ्या घरापासून पंधरा किलोमीटरच्या आत, तरी इतकी वर्षं पाहुणे आले की त्यांना फ्लेमिंगो दाखवायला नेणं एवढाच संबंध. या हिवाळ्यात मात्र १२ जानेवारी २०२५ ला मी खरंच गणनेला जाऊन आले. जायच्या आधी मी खूप शोधलं, की त्या दिवशी नेमकं काय करायला लावतात, फॉर्मवर काय काय असतं, खर्च किती येतो, पण मराठीत सलग लिहिलेलं काही हाती लागलं नाही. म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय, जरा लांबेल.

आधी जागेबद्दल. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, त्यातून डावा-उजवा कालवा निघतो आणि पाणी पार कोपरगाव-राहात्याकडे जातं. इतक्या वर्षांत बंधाऱ्यामागे गाळ साठत गेला, त्याने पाणी उथळ झालं, मध्ये मध्ये बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या, आणि पाणपक्ष्यांना नेमकं हेच लागतं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. लोणार आणि ठाणे खाडी नंतरची. आम्ही गावाकडचे लोक त्याला सरळ धरण किंवा तलावच म्हणतो.

सुरुवात १० नोव्हेंबरच्या रविवारी झाली. ५ ते १२ नोव्हेंबर आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या वाढदिवसांना जोडून, तेव्हा शाळेतल्या मुलांना घेऊन चापडगावच्या गेटवर गेलो होतो. तिथल्या गावातल्याच एका गाइड भाऊंनी मुलांना स्कोपमधून (स्टँडवरची मोठी दुर्बीण) हळदी-कुंकू बदक दाखवलं आणि सहज म्हणाले, "मॅडम, जानेवारीत मोजणी असती, लिहायला माणूस लागतो, या ना तुम्ही." मी म्हटलं मला ओळखता कुठे येतात. ते म्हणाले, "लिहिता येतं ना? मग झालं." घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं.

लगेच काही जमलं नाही. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, आम्हा शिक्षकांना ड्युटी, मधले रविवार ट्रेनिंगमध्ये गेले. त्या काळात दुर्बिणीची चौकशी केली. यात मी बराच वेळ घालवला म्हणून सांगते, ८ बाय ४२ घ्या. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार १० किंवा १२ पटीची गळ्यात मारायला बघतात, पण पट वाढली की हात हलल्यावर चित्रही तितकंच हलतं आणि दिसणारा टप्पा अरुंद होतो, उडता पक्षी सापडतच नाही. चष्मा असेल तर डोळ्याजवळची रबरी कडी आत जाते का ते दुकानात स्वतः लावून बघा. मला साडेनऊ हजार पडले. ज्या दुकानात आधी ऑर्डर दिली त्यांनी दोन आठवडे फिरवलं आणि मग स्टॉक नाही म्हणून पैसे परत केले, शेवटी नाशिकमधून दुसरीकडून घेतली. पण गणनेसाठी स्वतःची दुर्बीण असलीच पाहिजे असं मुळीच नाही, टीममध्ये एक स्कोप आणि एक दुर्बीण असली की भागतं, आणि लिहिणाऱ्याला तर वहीतून मान वर करायला फुरसत नसते.

डिसेंबरमध्ये अभ्यास. मला एका अनुभवी काकांचा नंबर मिळाला होता, ते पंधरा-वीस वर्षं गणना करतायत. त्यांनी फोनवर मला सगळ्यात उपयोगाची गोष्ट सांगितली. "सगळे पक्षी शिकायला जाऊ नका, आधी वीस शिका. आपल्या पाण्यावर हिवाळ्यात संख्येने जे जास्त असतात ते वीस. बाकीचे आपोआप वेगळे दिसायला लागतात." त्यांनी दिलेली यादी अशी: वारकरी, अडई, हळदी-कुंकू बदक, थापट्या, तलवार बदक, गडवाल, तरंग, चक्रवाक, छोटी लालसरी, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या, मोर शराटी, चमचा, चित्रबलाक, उघड्या चोचीचा करकोचा, राखी बगळा, जांभळा बगळा, पाणकावळा आणि नदी सुरय. मी एकेकाचे दोन-तीन फोटो मोबाईलमध्ये एका अल्बममध्ये टाकले आणि शाळेत जाताना बसमध्ये बघत राहिले. बदकांमध्ये नर सोपे जातात. थापट्याची चोच फावड्यासारखी, तलवार बदकाची मान लांब आणि शेपटी टोकदार, लालसरीचं डोकं विटकरी. माद्या मात्र सगळ्या तपकिरी, एकीवरून दुसरी ओळखू येत नाही. त्यावर काकांचं म्हणणं, मादी कोणत्या नराबरोबर फिरतेय ते बघा, मग चोचीचा आकार बघा, आणि तरीही नाही कळलं तर "बदक, ओळख पटली नाही" असं लिहा. असं लिहायची अधिकृत सोय आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि अर्धं ओझं उतरलं.

दुसरा अभ्यास मोजायचा. हजार-दीड हजारांचा थवा एकेक करून कोणीच मोजत नाही. आधी दहा पक्षी मोजायचे, ते दहा नजरेत किती जागा व्यापतात ते लक्षात ठेवायचं, मग त्या मापाने शंभर, आणि मग शंभराच्या चौकटीने सगळा थवा. मी घरी ताटात मूठभर मटकी टाकायचे, पाच सेकंद बघून अंदाज सांगायचे आणि मग मोजायचे. मुलगा आणि नवरा पण खेळायला लागले, रोज जेवणाआधी हेच. बहुतेक सगळ्यांचा अंदाज कमीच येतो असं दिसलं, आणि गर्दी जितकी दाट तितका जास्त कमी. आठवडाभर केलं की डोळा बसतो. खरंच करून बघा, याला एक रुपया लागत नाही.

आता कागदपत्रं. या गणनेचं नाव एशियन वॉटरबर्ड सेन्सस, भारतीय उपखंडात १९८७ पासून दर जानेवारीत होते, आपल्याकडे वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था आणि बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) मिळून बघतात. जानेवारीच का, तर तेव्हा स्थलांतर करून आलेले पक्षी आपापल्या जागी स्थिरावलेले असतात, आणि सगळीकडे त्याच पंधरवड्यात मोजलं की तोच थवा दोन ठिकाणी मोजला जायची शक्यता कमी होते. साधा गावतलाव असेल तर कोणीही जाऊन मोजू शकतं, फक्त राज्याच्या समन्वयकांना आधी कळवायचं, म्हणजे एकाच तलावावर दोन टीम जात नाहीत. अभयारण्य असेल तर वन्यजीव विभागाची परवानगी लागते. आमच्या गटाने डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र दिलं, त्यात सगळ्यांची नावं, मोबाईल नंबर, आधारची झेरॉक्स, कोणती तारीख, किती वाजता आत जाणार आणि बाहेर येणार, गाड्यांचे नंबर. मध्ये नाताळच्या सुट्ट्या आल्या, होकार यायला दोनेक आठवडे लागले. त्यामुळे पत्र डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात द्या, आणि पोच शिक्का मारलेली कॉपी एकाकडे नाही, दोघांकडे ठेवा.

त्याशिवाय ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर, खातं उघडायचं, फुकट असतं. ॲप घेऊन आपल्या भागातल्या पक्ष्यांच्या यादीचा पॅक घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवायचा, कारण पाण्याजवळ रेंज जाते-येते. ५ जानेवारीला रात्री ऑनलाइन मीटिंग झाली, त्यात कोणाला कोणता तुकडा ते ठरलं. चापडगाव, खाणगाव थडी, कोठुरे अशा जागा वाटल्या गेल्या, आम्हाला मांजरगावच्या बाजूचं पाणी आलं. आमची टीम तिघांची. काका स्कोपवर, एक बीएस्सीला असलेली मुलगी दुर्बिणीवर, आणि मी लेखनिक.

आदल्या रात्री मला झोप लागली नाही. उगीच पोटात गोळा. पहाटे सव्वापाचला निघालो तेव्हा निफाडची थंडी म्हणजे काय ते हाताच्या बोटांना कळत होतं. वाटेत द्राक्षबागांत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवलेल्या, थंडीने मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्रभर जागे. एका बागेजवळ थांबून हात शेकले, त्या दादांनी विचारलं एवढ्या पहाटे कुठे, आम्ही सांगितलं पक्षी मोजायला, तर म्हणाले, "आमच्या बागेतले बुलबुल पण मोजा आणि घेऊन जा." मणी खाणाऱ्या पक्ष्यांवर त्यांचा राग आहे आणि तो मला समजतो, वर्षभराचं पीक असतं ते.

पावणेसातला जागेवर पोचलो आणि समोर फक्त धुकं. पाणी दिसत नाही, आवाज मात्र सगळे, अडईची शिट्टी, वारकऱ्यांचं ठकठक, कुठेतरी चक्रवाकांचं भोंग्यासारखं ओरडणं. काका शांत. म्हणाले थांबायचं, अंदाजाने काही लिहायचं नाही. सव्वाआठ वाजले धुकं उचलायला. त्या वेळात मी फॉर्मचा पहिला भाग भरला: जागेचं नाव, वेळ, हवा, पाण्याची पातळी नेहमीपेक्षा जास्त की कमी, किनाऱ्यावर गुरं चरतायत का, मासेमारी चालू आहे का, जलपर्णी किती. हा भाग लोक शेवटी घाईत भरतात असं ऐकलं होतं, पण मला वाटतं पक्ष्यांच्या आकड्याइतकाच तो महत्त्वाचा आहे. वरच्या धरणांतून आवर्तन सुटलेलं असेल आणि पाणी चढलेलं असेल तर चिखल बुडतो आणि शेकाटे, पाणटिवळे उठून दुसरीकडे जातात. पुढच्या वर्षी कोणी नुसते आकडे बघितले तर त्याला वाटेल पक्षी घटले. पाण्याची नोंद असली तरच त्या आकड्याला अर्थ राहतो.

धुकं गेलं आणि मी समोर बघितलं तेव्हा लिहायचं आहे हेच विसरले काही क्षण. पाणी काळं दिसत होतं वारकऱ्यांनी. काकांनी मोजायला सुरुवात केली. पद्धत अशी: डावीकडची एक खूण धरायची (आमची एक वाळलेली बाभूळ), उजवीकडची एक खूण धरायची, आणि डावीकडून उजवीकडे एकाच दिशेने एका वेळी एकच जात मोजत जायचं. मागे फिरायचं नाही. काका म्हणायचे, "वारकरी, शंभर. शंभर. शंभर. साठ," आणि मी रेघा मारायचे. वारकरीच दोन हजारांच्या वर गेले. मग पुन्हा डावीकडून थापट्या, पुन्हा डावीकडून गडवाल. लालसरी आणि तरंग एकत्र मिसळून बसले होते तिथे आधी सगळा थवा मोजला, मग तीन वेगवेगळ्या ठिकाणी पन्नास-पन्नास पक्षी बघून त्यात कोण किती ते काढलं आणि त्या प्रमाणात वाटलं. ती मुलगी स्वतंत्रपणे मोजायची, दोघांच्या आकड्यांत फार फरक आला तर पुन्हा. जवळपास असेल तर सरासरी.

साडेनऊच्या सुमाराला दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला, खाली खाली तरंगत, आणि सगळं पाणी एकदम उठलं. तो आवाज मला शब्दांत नाही सांगता येणार, छातीत जाणवतो. हजारो पंख. आमच्या तोपर्यंत चार जाती झाल्या होत्या, पाचवी अर्धी. काका म्हणाले अर्धीवर काट मारा, बसू दे त्यांना. वीस मिनिटं थांबून ती जात पहिल्यापासून घेतली. एक थवा उठून थेट पलीकडच्या टीमच्या बाजूला गेला, तर लगेच फोन करून सांगितलं, अमुक वाजता एवढी तलवार बदकं तुमच्याकडे आली, आम्ही मोजलीयत, तुम्ही धरू नका. वेळ आणि दिशा वहीत. यासाठी मोबाईल पूर्ण चार्ज पाहिजे आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून पॉवर बँक घ्याच.

किनाऱ्यावरचे छोटे पक्षी सगळ्यात अवघड. तुतवार, पाणटिवळे, चिखल्या, सगळे चिखलाच्या रंगाचे आणि सारखे पळणारे. इथे आम्ही बऱ्याच ठिकाणी "तुतवार, जात माहीत नाही" असंच लिहिलं. सूर्य पाठीमागे येईल अशी जागा घेतली तर निदान रंग कळतात, समोरून उजेड आला की सगळे काळेच. क्रौंच दिसतील अशी मला फार आशा होती, नाही दिसले.

एक गोष्ट बघून वाईट वाटलं. पाण्याकडेच्या एका बाभळीवर नायलॉन मांजाचा गुंता लटकत होता आणि त्यात एक राखी बगळा मेलेला. संक्रांत दोन दिवसांवर, येवल्याकडे तर पतंगांचा मोठा उत्सव, आणि बंदी असूनही हा मांजा मिळतोच आहे. वनरक्षकांना बोलावलं. मेलेल्या पक्ष्याला आपण हात लावायचा नाही, बर्ड फ्लूची शक्यता असते, त्यांनीच हातमोजे घालून उतरवला. मांजा आम्ही कात्रीने कापून पिशवीत भरला, जवळजवळ अर्धा तास गेला. फॉर्ममध्ये धोके म्हणून रकाना आहे, तिथे मी सविस्तर लिहिलं, फोटोसकट. दर वर्षी प्रत्येक टीमने हे लिहिलं तर कधीतरी कोणाला तरी दाखवता येईल.

पावणेबाराला थांबलो. चापडगावला सगळ्या टीम जमल्या, पिठलं-भाकरी आणि ठेचा, माणशी दीडशे रुपये. बेरजा तिथेच बसून केल्या, कारण घरी गेलं की स्वतःच्या खुणा स्वतःला लागत नाहीत. लेखनिकांसाठी: पेन नको, पेन्सिल घ्या, दवाने शाई फुटते. आणि दर दहा मिनिटांनी वेळ लिहीत जा.

रात्री यादी ईबर्डवर चढवली. बसून मोजलं म्हणून "स्टेशनरी", सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती जण, आणि "ओळखलेले सगळे पक्षी नोंदवले का" याला हो. म्हणजे धोबी, खंड्या, पाकोळ्या हेही आलेच पाहिजेत. आकड्याच्या जागी नुसती फुली मारता येते तिथे, पण गणनेत तिचा काही उपयोग नाही, आकडाच द्या. एका ठिकाणी ॲपने लाल खूण दाखवली, त्या जातीचा आकडा या भागात नेहमी येतो त्यापेक्षा मोठा म्हणून, खाली कसं मोजलं ते लिहायला सांगितलं. मी शंभराच्या चौकटीने, दोघांनी स्वतंत्र मोजून, असं लिहिलं. चार दिवसांनी तपासणाऱ्यांची मेल आली, फोटो आहे का. त्या मुलीने मोबाईल स्कोपला लावून काढलेला थव्याचा फोटो होता तो जोडला, पुढच्या आठवड्यात नोंद मान्य झाली. पहिल्यांदा अशी मेल आली की घाबरायला होतं, पण भाषा फार आदराची असते आणि त्यांना फक्त खात्री करायची असते. मोठ्या थव्याचा निदान एक फोटो काढून ठेवाच, कितीही धूसर येऊ दे.

या सगळ्या नोंदी पुढे कुठे जातात हे मी काकांना विचारलं होतं. एखादं पाणथळ रामसर यादीत यायला जे निकष असतात त्यातला एक म्हणजे तिथे नियमितपणे वीस हजार किंवा त्याहून जास्त पाणपक्षी असणं, आणि दुसरा म्हणजे एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का तिथे नियमित असणं. "नियमित" हे सिद्ध करायला दर वर्षीचे आकडे लागतात. ते कोणीतरी थंडीत बसून रेघा मारल्या म्हणूनच असतात. हे ऐकल्यापासून माझी ती चुरगळलेली वही मी जपून ठेवलीय.

खर्चाचं एकदा सांगते. दुर्बीण सोडली तर पेट्रोल, जेवण, झेरॉक्स आणि आधीच्या एका सरावाच्या खेपेला लागलेलं प्रवेश, कॅमेरा आणि गाइडचं मिळून, सगळं दीड हजाराच्या आत. कपडे मातकट किंवा हिरवे, लाल-पांढरे नकोत. कानटोपी, बोटं मोकळी राहतील असे हातमोजे, बसायला घडीची खुर्ची किंवा निदान गोणपाट, कारण चार तास उभं राहून स्कोपजवळ कंबर जाते. बायकांसाठी खास: आमच्या बाजूला पाण्याजवळ स्वच्छतागृह नव्हतं, गेटवरच जाऊन घ्या, आणि हे संकोच न करता टीमला आधीच सांगा, गाडी सोडायला कोणीही येतं.

आणि तलाव अभयारण्यच असला पाहिजे असं नाही. आमच्या तालुक्यात कितीतरी पाझर तलाव आहेत जिथे जानेवारीत कोणीच मोजायला जात नाही. नोव्हेंबरात दोन-तीन वेळा फिरून या, डिसेंबरच्या सुरुवातीला समन्वयकांना कळवा. पुढच्या वर्षी मांजरगावच्या बाजूला आम्हाला चौथा माणूस हवा आहे, म्हणजे काकांना मध्ये डोळ्यांना विश्रांती मिळेल. निफाड, सिन्नर, नाशिक इथल्या कोणाला यायचं असेल तर जरूर या. एकही पक्षी ओळखता येत नसला तरी चालेल, पेन्सिल आणि वही घेऊन या.